परमुलखातील नाताळ

झाशी शहराच्या जुन्या तटास जे दरवाजे आहेत त्यांतील एकाचे नाव लक्ष्मी दरवाजा. त्याच्या बाहेर लक्ष्मी ताल नावाचा विस्तीर्ण तलाव आहे. तलावाच्या परिसरात महालक्ष्मीचे देऊळ आहे, आणि झाशीचे राजे गंगाधरराव नेवाळकर यांची छत्रीही तेथेच आहे. झाशीचे नाव काढले की ऐकणाऱ्याच्या मनात किल्ला, तोफा आणि घोड्यावरील राणी उभी राहते. तालाकाठी मात्र निराळीच गोष्ट मनात येते. कोकणातून निघालेले एक घराणे शेकडो कोस दूर येते, बुंदेलखंडाच्या खडकाळ भूमीत आपले राज्य वसवते, आणि वसवताना आपली कुलदेवताही बरोबर आणते. माणसे परमुलखात जातात तेव्हा त्यांच्या सणांचे काय होते, हा प्रश्न या काठावर सुमारे अडीचशे वर्षे उभा आहे. तो जसा महालक्ष्मीच्या भक्तांपुढे आला, तसाच पुढे याच शहरात नाताळ साजरा करणाऱ्यांपुढेही आला. दोघांच्या उत्तरांत साम्य पुष्कळ आहे.

मराठे येथे आले ते छत्रसाल आणि पहिले बाजीराव यांच्या स्नेहातून. 1742 साली पेशव्यांनी नारो शंकर यास झाशीचा सुभेदार नेमले. त्याने किल्ला वाढविला, त्याच्या पायथ्याशी शहर वसविले आणि दक्षिणेतून कुटुंबे आणून त्यांस घरे दिली. पुढे सुभेदारी नेवाळकरांकडे गेली. हे घराणे मूळचे रत्नागिरीकडील कोट गावचे. मध्ये खानदेशातील पारोळ्यास त्याचा मुक्काम झाला, आणि तेथून ते झाशीस आले. रघुनाथ हरी नेवाळकर यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात महालक्ष्मीचे देऊळ बांधल्याचे सांगतात. राज्य स्थिर होते न होते तोच देवीस जागा मिळाली, यात राजकारणापेक्षा घरची ओढ अधिक असावी.

देव आणणे त्या मानाने सोपे असते. मूर्ती पेटाऱ्यात बसते. सण मात्र कोणत्याही पेटाऱ्यात बसत नाहीत; त्यांना शेजार लागतो, ऋतू लागतो आणि पंचांग लागते. झाशीच्या मराठी घरांस पहिली अडचण आली ती पंचांगाचीच. दक्षिणेत महिना अमावास्येस संपतो, उत्तरेत पौर्णिमेस. शुक्ल पक्षाची नावे दोन्हीकडे एकच, म्हणून गुढीपाडवा आणि उत्तरेकडील चैत्री नवरात्राचा आरंभ एकाच दिवशी येतात. वद्य पक्ष आला की वाटा फुटतात. मराठी घरात श्रावण लागतो तेव्हा शेजारच्या बुंदेली घरातील निम्मा श्रावण होऊन गेलेला असतो. राखीपौर्णिमेस शेजारणीचा श्रावण संपतो आणि मराठी घरातील सोमवार तसेच पुढे चालू राहतात. वडाच्या पूजेची तर आणखी गंमत आहे. उत्तरेत ती ज्येष्ठातील अमावास्येस होते, मराठी घरात त्यानंतर पंधरा दिवसांनी येणाऱ्या पौर्णिमेस. झाशीतील एकाच वडाला एका ऋतूत दोन वेळा सूत गुंडाळले जाते. आपल्या गावी ज्या दिवशी सारी आळी वडाकडे निघते त्या दिवशी परमुलखात एकटीच बाई ताट घेऊन निघते. पूजा तीच, मंत्र तेच, परंतु वाटेवर सोबत नसते. वडाची पूजा आपण का करतो, हा प्रश्न गावी सहसा कोणी विचारीत नाही. झाशीच्या वाटेवर तो न विचारताही मनात येतो.

दुसरी अडचण स्वयंपाकघरातील. कोकणचा सण नारळावर आणि तांदळावर उभा आहे. बुंदेलखंड हा गहू, ज्वारी आणि हरभऱ्याचा मुलूख. उकडीचा मोदक येथे तळणीत जातो आणि ओल्या नारळाची जागा सुके खोबरे नाही तर खवा घेतो. काही पदार्थ मात्र जणू या भूमीसाठीच जन्मलेले. चैत्रातील हळदीकुंकवाची कैरीची डाळ ज्या हरभऱ्याची होते, तो बुंदेलखंडाच्या शेतांतून नुकताच घरी आलेला असतो.

या चैत्रगौरीपाशी जरा थांबले पाहिजे. चैत्र शुद्ध तृतीयेस गौर झोपाळ्यात बसते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत घरी राहते. तिच्यासाठी अंगणात चैत्रांगण काढतात, सुवासिनींस बोलावून पन्हे देतात. कल्पना अशी की गौर महिनाभर माहेरास आलेली आहे. देशावरच्या किंवा कोकणातल्या घरात ही कल्पना सहज शोभते, कारण त्या घरातली सून स्वतः चार कोसांवरच्या माहेरी जाऊन आलेली असते. झाशीच्या घराचे काय? त्या घरातील कित्येक स्त्रियांस माहेर दृष्टीस पडावयाचे ते वर्षांनी, आणि काहींस कधीच नाही. ज्या घराची स्वतःची मूळ भूमी मागे राहून गेली त्या घरी देवी माहेराला येणार! अशा घराने गौरीस झोपाळ्यात बसविले म्हणजे एकप्रकारे त्याने ठरविलेच की आता हेच माहेर.

राणी लक्ष्मीबाईंचे आयुष्यही याच दृष्टीने पाहण्याजोगे आहे. जन्म काशीत, बालपण ब्रह्मावर्तात, संसार झाशीत आणि मृत्यू ग्वाल्हेरीस. या चार गावांतील एकही आजच्या महाराष्ट्रात नाही. तरी त्यांच्या घरची भाषा मराठी, त्यांचे सण मराठी. त्यांच्या हळदीकुंकवाच्या आठवणी झाशीत अजून सांगतात. हे सारे त्यांस मिळाले ते परमुलखातच वाढलेल्या मराठी घरांकडून.

1858 साली गुढीपाडवा 16 मार्चला आला. 18 मार्चला तृतीया, म्हणजे झाशीच्या मराठी घरांत गौरी बसावयाचा दिवस. त्यानंतर दोनतीन दिवसांतच सर ह्यू रोजचे सैन्य शहरासमोर येऊन उभे राहिले. तोफा सुरू झाल्या. 1 एप्रिलला बेतवेच्या काठी तात्या टोपे यांचा पराभव झाला. 3 एप्रिलला इंग्रज तटावर चढले आणि त्यानंतर राणी किल्ल्यातून निघून गेल्या. अक्षय्य तृतीया अजून पुढे होती. सारा वेढा आणि त्यामागून झालेली लूट व कत्तल ही गौरीच्या माहेरपणाच्या महिन्यातच घडली. झोपाळ्यात बसलेल्या किती गौरी त्या वर्षी रीतीप्रमाणे उठल्या असतील, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. त्या दिवसांत शहरात असलेला एक मराठी माणूस मात्र पुढे लिहिता झाला. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे कर्ज फेडण्यासाठी दक्षिणा मिळवावी म्हणून 1857 साली उत्तरेत आले होते, ते या वेढ्यात सापडले. त्यांचा ‘माझा प्रवास’ चिंतामण विनायक वैद्य यांनी 1907 साली प्रसिद्ध केला. मिळविलेला पैसा लुटीत गेला. आईबापांस स्नान घालण्यासाठी गंगेची कावड मात्र त्यांनी घरी पोचविली.

त्या वेढ्याच्या दुसऱ्या बाजूस असलेली माणसेही परकीच होती, आणि आपले सण तीही बरोबर घेऊन आली होती. जून 1857 मध्ये झोकन बागेत साठाच्या आसपास युरोपीय स्त्री-पुरुष व मुले मारली गेली. त्यांचे स्मारक झाशीत आहे. पुढे छावणी पुन्हा वसली आणि दर डिसेंबरात तेथे ख्रिस्तजन्माचा सण होऊ लागला. उत्तर हिंदुस्थानात या सणास ‘बडा दिन’ हे नाव पडले. थोर दिवस म्हणून बडा, की त्या सुमारास दिवस मोठा होऊ लागतो म्हणून बडा, यावर दोन्ही पक्षी बोलणारे भेटतात. छावण्यांतील हा सण मोठा चमत्कारिक असे. विलायतेतील बर्फ, सदाहरित फांद्या आणि शेकोटी यांच्या आठवणीने साहेब व्याकुळ. पण बंगल्याच्या फाटकास नोकरांनी बांधलेले असत केळीचे खांब आणि झेंडूच्या माळा. हाताखालचे लोक आणि कंत्राटदार फळांच्या व मिठाईच्या टोपल्या घेऊन येत. तिला ‘डाली’ म्हणत. डालीत नम्रतेइतकीच पुढच्या कामाची आशाही असे, हे देणारा व घेणारा दोघेही जाणून असत. साहेबाला वाटे, हा काही खरा ख्रिसमस नव्हे. केळीचे खांब रोवणाऱ्या माळ्याला मात्र सणाचे दार कसे असावे हे पक्के ठाऊक होते, आणि परक्याच्या सणास त्याने आपल्या घरचे दार दिले.

आगगाडी आली तेव्हा झाशीत परक्यांची आणखी एक पिढी उतरली. 1895 साली येथे रेल्वेचा मोठा कारखाना निघाला. ही रेल्वे पुढे ग्रेट इंडियन पेनिन्सुलाकडे आली, आणि तिची सूत्रे मुंबईस बोरीबंदरात होती. 1951 नंतर ती मध्य रेल्वे झाली तरी झाशी विभाग मुंबईच्याच अखत्यारीत राहिला. 2003 साली उत्तर मध्य रेल्वे निराळी झाली तेव्हा तो अलाहाबादकडे गेला. म्हणजे सुमारे शतकभर झाशीच्या रेल्वेत बदलीचा हुकूम मुंबईहून निघत असे. त्या हुकुमांनी भुसावळ, मनमाड, कल्याण येथील माणसे बुंदेलखंडात आणून टाकली. त्या वसाहतींत युरोपीय रक्ताचे अँग्लो-इंडियन ड्रायव्हर व गार्ड होते, दक्षिणी ब्राह्मण कारकून होते, आणि मराठी ख्रिस्ती माणसेही होती. त्यांचा डिसेंबर हा या प्रश्नाचा गाभा आहे.

अशा एखाद्या मराठी ख्रिस्ती घराचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. मूळ गाव नगर जिल्ह्यातले. तेथे नाताळ म्हणजे दिवाळीचाच सख्खा भाऊ. करंज्या, लाडू, चकल्या, शंकरपाळे यांचे डबे भरतात, शेजारच्या हिंदू घरांतून दिवाळीला आलेल्या ताटांची परतफेड नाताळात होते. देवळात, आणि मराठी ख्रिस्ती माणूस आपल्या प्रार्थनामंदिरास देऊळच म्हणतो, ‘उपासना संगीत’ हातात असते आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजने टाळांवर रंगतात. झाशीस आल्यावर यातील काय उरते? प्रार्थना इंग्रजीत नाही तर हिंदीत होते. शेजारी बड्या दिनाच्या शुभेच्छा देतात. त्या मनापासून दिलेल्या असतात, परंतु नाताळ हा शब्द त्यांस कळत नाही. गावाकडून एखादे गाठोडे आले तर ते नगरहून मनमाडला आणि मनमाडहून पंजाब मेलने झाशीला येते, आणि मध्ये चकल्यांचा चुरा होतो. घरातील मुले शाळेत हिंदी बोलतात. आईने ‘नाताळ’ म्हटले की मुले ‘बडा दिन’ म्हणतात. येथे खरी कसोटी असते. फराळ नवा करता येतो, झाड कोठलेही आणता येते. पण मुलाने देवाला कोणत्या भाषेत हाक मारावी, हे एकदा सुटले की परत हाती लागत नाही. काही घरे म्हणून हट्टाने सणाच्या आदल्या रात्री दार लावून घेऊन मराठीतून शुभवर्तमान वाचतात. काही घरे सोडून देतात. सोडून देणाऱ्यांस नावे ठेवणे सोपे आहे. परमुलखात दमलेल्या माणसाने रोज किती गोष्टी धरून ठेवाव्यात, हे ठरविणारे आपण कोण?

आणि ज्या शब्दासाठी ही ओढाताण, तो शब्द तरी कोठला? ‘नाताळ’ हा पोर्तुगीज ‘नाताल’. अर्थ जन्म, म्हणजे ख्रिस्तजन्म. 1497 च्या जुलैत वास्को द गामा लिस्बनहून निघाला. त्या वर्षीचा नाताळ त्याच्या खलाशांनी आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घातल्यावर समुद्रावरच काढला, आणि जो किनारा त्या दिवसांत दिसला त्यास त्यांनी नाताळ हेच नाव दिले. घरापासून दूर पडलेल्या माणसांची आठवण अशी एका अनोळखी किनाऱ्यास चिकटून राहिली. पुढच्या मे महिन्यात ते कालिकतला पोहोचले, आणि त्यांच्या मागून आलेल्यांबरोबर तो शब्द कोकणपट्टीच्या बंदरांतून मराठीत शिरला. आज नगरची म्हातारी तो इतक्या सहजतेने उच्चारते की तो संत तुकारामांच्या गाथेतलाच असावा!

शब्दाने केला त्याहून मोठा प्रवास एका माणसाने केला. इंग्लंडातील विल्टशरचा टॉमस स्टीफन्स हा जेझुइट पाद्री 24 ऑक्टोबर 1579 रोजी गोव्यास उतरला. त्याचा पहिला हिंदुस्थानी नाताळ दोन महिन्यांवर होता. 1619 साली त्याने देह ठेवला तोपर्यंत चाळीस नाताळ त्याने या किनाऱ्यावर पाहिले. स्वदेशी तो परतला नाही. त्याने ‘क्रिस्तपुराण’ रचले, ते 1616 साली राचोल येथे छापले गेले. ग्रंथ मराठी, छंद ओवीचा, अक्षरे मात्र रोमन. त्या पहिल्या आवृत्तीची प्रत आज उपलब्ध नाही. ज्ञानेश्वर-एकनाथांच्या छंदात ख्रिस्तजन्म सांगावा असे एका इंग्रजास का वाटले? धर्मप्रसार हे एक कारण होतेच, ते झाकण्याचे प्रयोजन नाही. आणि त्या काळच्या गोव्यात देवळे पाडली जात होती, तेही विसरता येत नाही. परंतु ज्यास केवळ प्रसारच करावयाचा आहे त्याचे काम चार प्रश्नोत्तरांत भागते. दहा हजारांहून अधिक ओव्या लिहिणारा माणूस त्या भाषेत राहावयास आलेला असतो. लहानपणीच्या थंडगार विल्टशरमध्ये ऐकलेली कथा त्याने माडांच्या सावलीत बसून पुन्हा मनाशी सांगितली असेल, तेव्हा तिच्यातील काय टाकावे आणि काय ठेवावे हे त्यालाही ठरवावे लागलेच असणार. बर्फ त्या कथेत नव्हतेच.

ही कथा परमुलखातील माणसास इतकी जवळची का वाटावी, याचे कारण ती स्वतःच सांगते. लूककृत शुभवर्तमानाप्रमाणे रोमच्या कैसराने खानेसुमारीचा हुकूम काढला आणि प्रत्येकाने आपल्या मूळ गावी जाऊन नाव नोंदवावे असे ठरले. योसेफ नासरेथास राहत होता. मूळ गाव बेथलेहेम. म्हणजे तो परक्या ठिकाणी गेलेला नव्हता, पूर्वजांच्या गावी परतला होता, आणि नेमक्या त्याच गावात त्याला उतरावयास जागा मिळाली नाही. तीन पिढ्या झाशीत काढून जो मराठी माणूस रत्नागिरीकडचे आपले कुळाचे गाव शोधीत जातो, त्यास हा प्रसंग टीपेवाचून समजेल. बाळाच्या भेटीस प्रथम आले ते रात्रीच्या राखणीवर असलेले मेंढपाळ. मत्तयाच्या वृत्तान्तात दुरून आले ते पूर्वेकडील ज्ञानी, म्हणजे परकेच. आणि पुढे लगोलग त्या कुटुंबास मिसर देशी पळून जावे लागले. पहिल्या नाताळाच्या या चित्रात आपल्या घरी बसलेला असा एकही माणूस सापडत नाही. बैल आणि गाढव यांचा तर शुभवर्तमानात उल्लेखही नाही. ती लोकांच्या भक्तीने मागाहून आणून बांधली. 1223 साली इटलीतील ग्रेच्चो येथे संत फ्रान्सिसने खऱ्या गोठ्याचा देखावा मांडला, आणि पुढे घरोघर गोठे झाले. दिवसाचेही तसेच. 25 डिसेंबर हा दिवस रोममध्ये चौथ्या शतकात रूढ झाला. आर्मेनियन लोक 6 जानेवारी धरतात, आणि रशियन चर्च जुन्या गणनेने पाळीत असल्यामुळे त्यांचा सण आपल्या 7 जानेवारीस येतो. झाशीच्या वडाला दोनदा सूत गुंडाळतात, त्यातलाच हा प्रकार.

अँग्लो-इंडियन कुटुंबांचे मात्र 1947 नंतर निराळेच झाले. ज्या ‘होम’ची आठवण ते छावणीच्या नाताळात काढीत, आणि जे त्यांतील बहुतेकांनी कधी पाहिलेही नव्हते, तिकडे कित्येक निघून गेले. कोणी इंग्लंडात, कोणी ऑस्ट्रेलियातील पर्थ आणि मेलबर्न येथे वस्ती केली. पर्थला डिसेंबर म्हणजे कडक उन्हाळा. तेथे नाताळच्या आधी या घरांतून मैद्याच्या छोट्या गोळ्या काट्याच्या पाठीवर दाबून वळतात, तळतात आणि साखरेत घोळतात. त्यांस कलकल म्हणतात. गोव्यातही त्या होतात, रेल्वे कॉलन्यांतही होत. हे काम एकट्याने होत नाही. सारे घर टेबलाभोवती बसते, हात चालतात आणि तोंडे चालतात. म्हातारी माणसे मग झाशीच्या, जबलपूरच्या, भुसावळच्या डिसेंबरातल्या थंडीच्या गोष्टी सांगतात, आणि दारावर झेंडूच्या माळा कोण बांधून जाई त्याच्याही. आता त्यांचे ‘होम’ ते झाले आहे. ज्यांनी कधी आगगाडीची शिट्टी त्या थंडीत ऐकली नाही, अशी नातवंडे काट्यावर गोळ्या वळीत ते ऐकत असतात, आणि पहिला घाणा तळून निघेपर्यंत निम्म्या गोळ्या कच्च्याच संपवितात.